जालमच्या नावानं

जालमसिंग सरांचा इंग्रजीचा तास चालू असताना शेजारच्या वर्गात कविता शिकवणं ही एक शिक्षा आहे, आणि मी ती गेली अकरा वर्षं भोगते आहे. मी दिपाली पाटील. तोरणमाळच्या पायथ्याशी आमची आश्रमशाळा आहे, तिथे मराठी शिकवते. माहेर तापीकाठचं, केळीच्या बागांमधलं. स्वभाव जरा तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि मीही ते नाकारत नाही. तर आमच्या दोन वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा आहे. इकडे मी पोरांना एखाद्या ओळीतला गोडवा समजावत असते आणि तिकडून चाळीस गळे एकदम "कॅरी! कॅरी!" ओरडत बाहेर पळतात. मग अर्धा तास स्वयंपाकघराकडे सरपण वाहणं चालतं. ‘वॉश’च्या आठवड्यात ताटं, फळा, खिडक्या सगळं धुऊन झालं, आणि आवारात झोपणारं एक गरीब कुत्रंही सुटलं नाही.

सरांचा नियमच तसा आहे. क्रियापद आधी अंगानं करायचं, मग वहीत लिहायचं. एका आठवड्याला एकच क्रियापद. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, अशानं पुस्तक कधी संपणार? सर म्हणाले, पुस्तक नाही संपलं तरी चालेल, पोरगं इंग्रजीला घाबरायचं थांबलं पाहिजे. आणि खरं सांगते, आमची पोरं नाही घाबरत. घरी पावरी बोलणारी, शाळेत मराठीशी झगडणारी ही पोरं इंग्रजीच्या तासाला मात्र हात वर करून उड्या मारतात. मला याचा थोडा हेवा वाटतो, तोही मी नाकारत नाही.

सर स्वतः इथल्याच डोंगरातले, पावरा समाजाचे. तोरणमाळच्या घाटाआधी उजवीकडे जी पायवाट फुटते, तिनं तासभर चढलं की त्यांचा पाडा लागतो. बावीस घरं, आणि प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर. वडील गेले तेव्हा सर सातवीत होते. ते शाळा सोडून घरी बसले होते. त्या पावसाळ्यात पाड्यानं त्यांच्या शेताची पेरणी केली, निंदणी केली, कापणी केली, आणि पाड्यातल्या वडीलधाऱ्या भाईदासकाकांनी त्यांना हाताला धरून पुन्हा याच आश्रमशाळेत आणून सोडलं. पुढे नंदुरबारला कॉलेज, बी.एड., आणि मग इथेच नोकरी. याला आता चौदा वर्षं झाली. बायको ममता तळोद्याला नर्स आहे, म्हणून बिऱ्हाड तळोद्याला. आठवडाभर सर शाळेच्या खोलीत राहतात आणि शनिवारी दुपारच्या जीपनं घरी जातात.

त्यांच्या खिशाला दोन पेनं असतात. निळं लिहायला आणि काळं फॉर्म भरायला. जातीचा दाखला, रेशनकार्ड, पोरीची शिष्यवृत्ती, बँकेचं खातं, काहीही असो, डोंगरातला माणूस कागद घेऊन आला की सर काळं पेन काढतात. रविवारी तळोद्याच्या कचेऱ्यांच्या बाजूला एका कडुनिंबाखाली त्यांना शोधत माणसं येतात. मी एकदा म्हटलं, "सर, एक दिवस तरी बायकोला द्या." ते म्हणाले, "मॅडम, मी दुसरं काय करतो पाड्यासाठी? एवढंच तर करतो." ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

मागच्या वर्षी होळीच्या सुटीवरून पोरं परतली, त्या आठवड्याचं क्रियापद होतं ‘हेल्प’. सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला, मदत करणे. मग म्हणाले, सुटीत तुम्ही कोणाला मदत केलीत ते एकेकानं सांगा, आपण त्याचं इंग्रजी करू. वर्गात शांतता पसरली. पत्र्याच्या अलीकडे मीही बोलायची थांबले, कारण त्या वर्गात शांतता होणं ही काळजीची गोष्ट आहे.

"कोणाला नाही केली, सर," एक जण म्हणाला.

"कोणालाच नाही? मग सुटीभर केलं काय?"

मग उत्तरांचा पाऊस पडला. महूची फुलं वेचली. शेळ्या चारल्या. धाकट्याला कडेवर घेऊन फिरलो. मामाचं घर नवीन केलं, तिथे सगळ्यांनी कौलं चढवली.

"अरे, मग हीच की मदत!"

"नाही सर, ते तर काम," रोशनी नावाची सातवीतली मुलगी म्हणाली. ती शेजारच्या पाड्यातली, शांत आणि स्पष्ट. "मदत गाडीतून येते. आपण रांगेत उभं राहायचं. ते ब्लँकेट देतात, मग फोटो काढतात."

मी तोंडावर पदर धरून हसले. पलीकडून सरांचं हसणं ऐकू आलं नाही.

"आणि मामाचं घर?"

"तो लाहा होता, सर."

लाहा म्हणजे काय ते मला या डोंगरात आल्यावरच कळलं. कोणाला घर बांधायचं असतं, कोणाचं शेत निंदायचं असतं, एकट्यानं ते होत नाही. मग तो घरोघर जाऊन सांगतो, अमुक दिवशी माझ्याकडे या. प्रत्येक घरचं निदान एक माणूस जातं. दिवसभर काम, आणि यजमानाकडे पोटभर जेवण. मजुरी नाही. उद्या तुमच्याकडे काम निघालं की तो तुमच्याकडे येतो. कोणी कोणाचे आभार मानत नाही.

रोशनीनं पुढे सहज विचारलं, "सर, तुम्ही जाता लाहाला?"

"मला शाळा असते ना, बेटा."

"मग तुमच्या घरी कोण येतं?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण सरांनी डस्टर उचललं आणि फळ्यावरचा अर्थ पुसून टाकला. त्या दिवशी त्यांचा वर्ग ओरडत बाहेर पळाला नाही. मला कविता शिकवायला शांतता मिळाली आणि माझं कवितेत लक्ष लागलं नाही.

मधल्या सुटीत सर शिक्षक खोलीत जाडजूड शब्दकोश उघडून बसले होते. ‘हेल्प’च्या पुढे पाऊण पान मजकूर होता. मी डबा उघडत म्हटलं, एवढ्या साध्या शब्दाला एवढी जागा? सर म्हणाले, "बघा ना मॅडम. पोलीस ठाण्यात पाटी असते, मे आय हेल्प यू. दुकानात असते. फोनवर हेल्पलाईन असते. इंग्रज माणूस जेवायला बोलावतो आणि पाहुण्याला म्हणतो, हेल्प युअरसेल्फ. म्हणजे तुझं तूच वाढून घे." यावर आम्ही दोघंही हसलो, कारण आम्हा तापीकाठच्या गुजरांच्या पंगतीत असं कोणी म्हटलं तर पाहुणा हात धुऊन उठेल. मग सर जरा थांबून म्हणाले, "बुडणारा माणूस ओरडतो, हेल्प मी. मी विचार करत होतो, आमच्या पाड्यावरचा माणूस बुडताना काय ओरडेल? मला वाटतं तो नुसतं ओरडेल, या रे! मदत करा असं नाही म्हणणार. या, एवढंच."

मी म्हटलं, "मग त्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही. पण मी चौदा वर्षांत एकदाही गेलो नाही, मॅडम."

मग त्यांनी जे सांगितलं त्यात खरा घोर होता. त्यांच्या आईचं, मोतीबाईचं घर कललं होतं. मधला खांब वाळवीनं खाल्ला होता, कुडाची एक बाजू बाहेर झुकली होती. येत्या पावसाळ्यात ते उभं राहिलं नसतं. मोतीबाई सत्तरीच्या. सरांनी त्यांना एकदा तळोद्याला नेलं होतं. तीन आठवडे राहिल्या आणि एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इथे सकाळी कोणी हाक मारत नाही. सरकारी घरकुलाचा फॉर्म सरांनी भरून ठेवला होता, त्यावर त्यांनी अंगठा दिला नाही. त्यांचं म्हणणं एकच. माझं घर पाड्यानं उभं केलं होतं, पाडाच पुन्हा करेल. तू लाहा बोलाव.

"मग बोलवा की," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं? प्रत्येक वेळी निरोप यायचा. अमक्याचं घर आहे, तमक्याची निंदणी आहे. आणि माझी परीक्षा असायची, नाहीतर निवडणुकीची ड्यूटी, नाहीतर ममताची रात्रपाळी. मी सांगायचो, जमणार नाही, पण काही कागद असेल तर पाठवा. ज्याच्या घरचं माणूस जात नाही, त्याच्या घरी माणसं येत नाहीत. हा कुठे लिहिलेला नियम नाही, पण आहे."

मी सपाटीवरची. मी सपाटीवरची अक्कल शिकवली. शहाद्याहून चार मजूर आणा, दोन दिवसांत घर उभं. सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "घर उभं राहील, मॅडम. पण मजूर आणले म्हणजे पाडा आला नाही, हे सगळ्या टेकड्यांवरून दिसेल. माझं सोडा. आई पाड्यात कशी राहील?" तेव्हा मी गप्प बसले. अशी मी वर्षातून एक-दोनदा बसते.

पुढचे आठ दिवस सर अस्वस्थ होते आणि मग त्यांनी जे केलं ते केवळ तेच करू शकतात. त्यांनी अर्ज लिहिला. काळ्या पेनानं, समास सोडून. प्रति, आदरणीय भाईदासकाका व समस्त पाडा. विषय, आईच्या घराच्या उभारणीसाठी मदत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की. खाली आपला विश्वासू. तारीख, रविवार, अमुक. मी वाचला आणि म्हटलं, "सोबत झेरॉक्स जोडायचं राहिलं." ते दुखावले, पण अर्ज त्यांनी पाठवलाच. घाटाकडे जीप नेणाऱ्या राजेंद्रच्या हाती.

दोन दिवसांनी राजेंद्रनं शाळेच्या फाटकाशी जीप थांबवून मला हाक मारली. सर तेव्हा वर्गात होते.

"मॅडम, सरस्ना कागद वापस उना."

"वाचा नही का कोणी?"

"उघाडाबी नही. तो म्हातारा भाईदास बोलना, आठे कागद चालत नही. पोऱ्याले सांग, पायी चालीसन ये."

मी तो कागद सरांना दिला आणि निरोपही सांगितला. ते लाल झाले. मग म्हणाले, "मला हे ठाऊक होतं, मॅडम. लहानपणापासून ठाऊक होतं. लाहा चालत जाऊन बोलवायचा असतो. मी विसरलो कसा?" मला वाटलं, विसरले नव्हते. कागदामागे माणसाला लपता येतं, एवढंच.

त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. कारण विचाराल तर मला मोतीबाईंना भेटायचं होतं. आणि सरांना एकट्याला त्या वाटेनं जाऊ द्यायला मला बरं वाटत नव्हतं. अकरा वर्षांत मला पावरी बोलता येत नसली तरी बरीचशी समजते. उन्हाचा चटका, पळसाची गळून वाळलेली फुलं, आणि एक टेकडी उतरली की दुसरी समोर. चौथ्या घरापर्यंत माझा श्वास संपला. सर मात्र घरागणिक लहान होत गेले. अंगणात जायचं, खाटेवर बसायचं, पाणी प्यायचं. मग सर खाली बघत सांगायचे, पुढच्याच्या पुढच्या रविवारी आईच्या घराचं काम आहे, या.

कोणी हो म्हणालं नाही. कोणी नाही म्हणालं नाही. दलसिंग नावाचा एक उंच माणूस कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. तो म्हणाला, "आईचा खोकला थांबला का?" एका घरच्या बाईनं विचारलं, "मोतीबाईचा गुडघा कसा आहे?" सर उत्तरं देत होते, पण मी बघत होते, प्रत्येक घरातून निघताना त्यांची मान आणखी खाली जात होती. सगळ्यात शेवटी भाईदासकाका. ऐंशीचे असतील. कानात चांदीच्या बाळ्या, डोळे बारीक. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "रविवारच का?"

"मला सुटी असते, काका."

म्हातारा खूप वेळ हसला. मग म्हणाला, "बरं."

परत उतरताना सर म्हणाले, "बरं म्हणजे काय, मॅडम? कोणी येईल का? आई बावीस घरांसाठी मका दळून बसणार. तिला मी म्हटलं, थोडं कमी कर. तर म्हणाली, पाड्यात घरं किती? बावीस. मग बावीस घरची माणसं जेवतील. ती भाकरी वाढून दारात बसेल आणि कोणी आलं नाही तर?" चाळिशीचा माणूस, शाळेत पोरं ज्यांच्या मागे उड्या मारत धावतात तो माणूस, भर उन्हात पायवाटेवर उभा राहून रडायच्या बेतात होता. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

लाहाच्या रविवारी मी पहिल्या जीपनं गेले. जाताना पाच किलो गूळ नेला. पोहोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. अंगणात सागाचे नवे खांब तासून पडले होते, बांबूच्या तट्ट्या भिंतीला टेकवल्या होत्या. जुन्या घरातलं सामान आंब्याखाली होतं, एक कोठी, दोन खाटा, टोपल्या, आणि सरांचा लहानपणचा शाळेतला फोटो. ममता चुलीपाशी होत्या. मोतीबाई मोठ्या पातेल्यात उडदाची डाळ ढवळत होत्या, आणि त्यांच्या बाजूला मक्याच्या भाकरींची चळत चढत होती. बारीक, वाळक्या बांध्याची बाई. मला बघून हसल्या आणि त्यांनी माझ्या हातात पिठाची परात दिली. मी बसले थापायला. माझी भाकरी फाटत होती, त्यावरून त्या आणि ममता मनसोक्त हसल्या.

सर हसत नव्हते. ते अंगणाच्या कडेला उभे होते आणि टेकड्यांकडे बघत होते. एकेका घरावरून धूर निघत होता. वाटेवर कोणी नव्हतं. ऊन अंगणात आलं. कोणी नव्हतं. सर आत आले, पाणी प्यायले, पुन्हा बाहेर गेले. मी मोतीबाईंकडे पाहिलं. त्या निवांत होत्या. डाळीत मीठ घालून त्यांनी चव घेतली आणि पुन्हा थोडं घातलं.

मग दलसिंग दिसला. खांद्यावर कुऱ्हाड, मागे बायको, तिच्या डोक्यावर रिकामी टोपली. त्यांच्या मागून आणखी दोघं. समोरच्या टेकडीवरून एक ओळ उतरायला लागली. ओढ्याच्या बाजूनं बायका आल्या, हसत, मोठ्यानं बोलत. शेळ्या सोडून यायच्या होत्या, म्हणून उशीर झाला, एवढंच. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. पुरुषांनी जुनी कौलं उतरवायला घेतली. बायकांनी माती भिजवली आणि पायांनी तुडवायला लागल्या. भाईदासकाका काठी टेकत आले आणि मधल्या खांबाच्या खड्ड्याशी जाऊन बसले. सर मोजत होते. मला दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते. सरांचं धरून बावीसच्या बावीस घरं झाली. शिवाय शेजारच्या पाड्यातली तीन.

सरांना कुठे उभं राहावं कळेना. ज्या कामाला हात लावायचे तिथे आधीच चार हात असायचे. शेवटी मधला खांब उभा राहायची वेळ आली आणि सगळे जमले, तेव्हा ते पुढे झाले. त्यांनी हात जोडले. पावरीतच बोलले, पण शाळेत बोलतात तसं बोलले. म्हणाले, मी इतकी वर्षं तुमच्या कोणाच्या कामाला आलो नाही, तरी तुम्ही आज माझ्या मदतीला आलात, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. त्यातला ‘मदत’ शब्द त्यांनी मराठीच वापरला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं. एक-दोन पोरी हसल्या. मग भाईदासकाकांनी विचारलं, "कोण आलं नाही म्हणतोस?"

"मी, काका."

"तू तर आला होतास."

सरांनी मान वर केली.

"माझं घर चार वर्षांपूर्वी झालं," भाईदासकाका म्हणाले. "मागची सगळी भिंत तुझ्या घरानं लिंपली."

"आमच्या निंदणीला तीन दिवस," दलसिंग म्हणाला. "मी सांगत होतो, म्हातारे, सावलीत बस. बसली नाही."

"माझ्या छपराला ताप अंगात घेऊन आली होती," एक बाई म्हणाली. "मी म्हटलं, परत जा. तर म्हणते, मी माझ्यासाठी नाही आले. मी जालमच्या नावानं आले."

मग सगळीकडून बोलणं सुरू झालं. कोणाचं शेत, कोणाची विहीर, कोणाच्या घराची कौलं. चौदा वर्षांत त्या पाड्यात एकही लाहा असा झाला नव्हता, की ज्यात जालमच्या घरचं माणूस नव्हतं. साठीतून सत्तरीत गेलेली ती बाई प्रत्येक टेकडी चढली होती, चिखल तुडवला होता, टोपल्या वाहिल्या होत्या, तरण्या पुरुषाच्या वाटणीचं काम तिनं केलं होतं. आणि काम सुरू करताना दर वेळी तिनं मुलाचं नाव घेतलं होतं. कोणी हे सरांना सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं. पाडा कोणावर उपकार करायला आला नव्हता. जो माणूस कायम येत होता, त्याच्याकडे आला होता.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पिठाच्या हातानं डोळे पुसले, म्हणून ममता पुन्हा हसल्या आणि हसता हसता त्याही रडल्या. सर तसेच हात जोडून उभे होते. ते हात खाली घ्यायचे असतात हेही त्यांना सुचत नव्हतं. भाईदासकाका ओरडले, "अरे, उभा काय राहिलास! खांब धर!" तेव्हा कुठे ते हलले.

खांब उभा राहिला. दुपारपर्यंत छपराचा सांगाडा झाला, मग हातोहात कौलं वर गेली. सर कौलांच्या रांगेत होते. खडूची सवय असलेले हात, तासाभरात सोलले. त्यांनी ते कोणाला दाखवले नाहीत. मी मात्र पाहिले. कुडाला पहिला लेप बसला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पंगत बसली. माझ्या फाटक्या भाकऱ्याही संपल्या. जेवून, हात धुऊन, माणसं आली तशीच निघून गेली. जाताना कोणी काही बोललं नाही, फक्त भाईदासकाकांनी नव्या खांबावर दोनदा थाप मारली.

मोतीबाई त्या खांबाला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. सर त्यांच्याशेजारी खाली बसले. मी भांडी घासायला घेतली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? घरचं एक माणूस लागतं. तू पोरांना शिकवत होतास. मी रिकामी होते."

"चौदा वर्षं?"

"मी मोजलं नाही." त्या गुडघा चोळत राहिल्या. मग खाली बघत, काही तरी चुकल्यासारख्या, हळूच म्हणाल्या, "पण आता चढवत नाही रे, जालम. बुधवारी दलसिंगच्या भावाकडे काम आहे. मी नाही गेले तर आपलं घर राहून जाईल. या वेळी माझ्या नावानं तू जाशील का?"

आईच्या पायांना वाळून बसलेली माती सर हातानं काढत राहिले.

बुधवारी त्यांचा वर्ग मी घेतला.